उपसलेल्या विहिरीचे पाणी : गाळ, सामू आणि क्लोरीन



गळिताचा हंगाम संपला की आपल्याकडे विहिरी उपसण्याचे दिवस येतात. वैशाख-ज्येष्ठात पाणी तळाला जाते, मजूर मिळतात, आणि खोडव्याचे पाणी सांभाळून दोन-चार दिवस पंप बंद ठेवता येतो. कामठा व आसपासच्या गावांत बऱ्याच सभासदांची विहीर ही एकच वस्तू तीन कामे करते. उसाला पाणी, घरच्या माणसांना व गुराढोरांना पाणी, आणि दिवाळीनंतर तोडणीची टोळी शेतावर उतरली म्हणजे तिलाही पाणी. उन्हाळ्यात गावची पोरे त्याच विहिरीत पोहतात, हे चौथे काम. म्हणून या अंकात लागवड, बेणे, खत हे नेहमीचे विषय थोडे बाजूला ठेवून उपसलेल्या विहिरीच्या पाण्याबद्दल लिहीत आहे.

विहीर उपसून झाली, झरे मोकळे झाले, दोन दिवसांत काचेसारखे पाणी भरले, की आपले समाधान होते. एक सभासद मला म्हणाले, "साहेब, जुनं पाणी तर सगळं काढून टाकलं. आता नव्या पाण्याला औषध कशाला?" प्रश्न सरळ आहे व तो पुष्कळांच्या मनात असतो. त्याचे उत्तर असे की, विहीर उपसल्यानंतर पहिले काही दिवस तिचे पाणी नेहमीपेक्षा जास्त धोक्याचे असते. उपसणारी माणसे चिखलाच्या पायांनी आत उतरलेली असतात. दोर, घमेली, टोपल्या आत-बाहेर झालेल्या असतात. तळाचा वर्षानुवर्षांचा गाळ ढवळलेला असतो आणि त्यातले जंतू भिंतीला, फटींना चिकटून राहतात. त्यात आपल्याकडे पाऊस वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर. मृगाच्या पहिल्या सरींबरोबर गोठ्याचे, उकिरड्याचे, धानाच्या बांध्यांचे पाणी वाट काढत विहिरीकडे येते. वरून पाणी नितळ दिसते, पण जंतू डोळ्यांना दिसत नसतात.

ही नुसती भीती घालण्याची गोष्ट नव्हे. जुलै २०२२ मध्ये आपल्याच विदर्भात, मेळघाटातील चिखलदरा तालुक्यात, पाचडोंगरी व कोयलारी या गावांत लोकांनी उघड्या विहिरीचे दूषित पाणी प्याले. शंभरावर माणसे आजारी पडली व काहींचा जीव गेला. रोग होता कॉलरा. कॉलऱ्याचा पाण्याशी संबंध लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ सालीच दाखवून दिला होता. १९०८ साली अमेरिकेतील जर्सी सिटी या शहराने नळाच्या पाण्यात कायमचे क्लोरीन घालण्यास सुरुवात केली. म्हणजे रोगाचे कारण व त्यावरचा उपाय, दोन्ही शंभर वर्षांपेक्षा जुने आहेत. तरीही माणसे दगावतात, कारण पावडर टाकली जाते ती अंदाजाने, आणि टाकल्यावर कोणी तपासत नाही.

कारखान्यात रस कसा साफ होतो ते आठवा

आपण कारखाना पाहिलेला आहे. गिरणीतून निघालेला रस आंबट असतो. त्याचा सामू सव्वापाच-साडेपाचच्या आसपास असतो. त्यात चुन्याची निवळी आणि गंधकाचा धूर देऊन तो ७ च्या जवळ आणतात. चुना कमी पडला तर साखर फुटते, जास्त झाला तर रसाला काळपट रंग चढतो. म्हणून प्रयोगशाळेतला माणूस सारखा सामू तपासत असतो. नुसता चुना टाकला व झाले, असे तिथे चालत नाही. पाण्याचेही तसेच आहे.

नागपूर-पुण्याकडे पोहण्याचे तलाव असतात. ते रिकामे करून पुन्हा भरले की तिथला जाणकार माणूस लगेच क्लोरीन ओतत नाही. तो आधी पाण्याची अल्कता पाहतो, मग सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान आणतो, पाण्याचा जडपणा पाहतो, आणि नंतर क्लोरीनकडे वळतो. विहिरीत आपल्याला एवढी औषधे टाकायची नाहीत, टाकूही नयेत, कारण ते पाणी प्यायचे आहे. पण क्रम तोच लक्षात ठेवावा : आधी गाळ, मग सामू, मग क्लोरीन, आणि शेवटी तपासणी.

गाळ आधी का?

क्लोरीनला भूक असते असे समजा. पाण्यात जे जे सडणारे आहे, म्हणजे पाने, शेवाळ, शेणाचे कण, लोह, अमोनिया, त्या सर्वांवर क्लोरीन आधी खर्च होते. या सर्वांची भूक भागल्यावर जे शिल्लक राहते तेच नंतर पाण्याची राखण करते. गढूळ पाण्यात पावडर टाकणे म्हणजे तणाने भरलेल्या उसाला युरिया देण्यासारखे आहे. तण खाऊन जाते, ऊस उपाशी राहतो. शिवाय मातीच्या कणाआड जंतू लपतात व क्लोरीन त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून उपसा झाल्यावर पहिले आलेले पाणी पुन्हा एकदा उपसून टाकावे, पाणी निवळू द्यावे, मगच पावडर घ्यावी. तुरटी वापरायची असेल तर ती घरी हंड्यात किंवा ड्रममध्ये फिरवावी. त्यासाठी विहिरीत खडे टाकू नयेत.

सामूचा संबंध काय?

क्लोरीन पाण्यात विरघळले की त्याचे हायपोक्लोरस आम्ल तयार होते. जंतू मारण्याचे मुख्य काम तेच करते. सामू ६.५ असताना क्लोरीनचा सुमारे नव्वद टक्के भाग या रूपात असतो. सामू ७.५ झाला की जवळपास निम्मा उरतो. ८.५ वर गेला की दहा टक्क्यांच्या आसपासच राहतो. म्हणजे पावडर तीच, वजन तेच, पण सामू चढला की तिचा जोर उतरतो. पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ असावा असे भारतीय मानक सांगते. क्लोरीनच्या दृष्टीने तो ८ च्या आत असलेला बरा.

कन्हार जमिनीतल्या विहिरीचे पाणी बहुधा जड असते व सामू चढा असतो. तांबड्या, मुरमाड जमिनीत पाणी मऊ व सामू कमी असू शकतो. शेजारच्या विहिरीचे पाणी आपल्यासारखेच असेल असे धरून चालू नये. सामूची पट्टी स्वस्त असते, ती एकदा बुडवून पाहावी. सामू ८ च्या वर निघाला तर आम्ल ओतून तो खाली आणण्याच्या भानगडीत पडू नये. पावडर टाकल्यावर एका तासाऐवजी दोन तास थांबावे आणि शिल्लक क्लोरीन नीट तपासावे. आम्ल व ब्लिचिंग पावडर एकत्र आली की विषारी वायू निघतो, हे घरातील सर्वांना सांगून ठेवावे. संडास साफ करण्याचे आम्लही त्यातच आले.

पाणी किती आहे ते मोजा

अंदाजपंचे काम इथे नको. गोल विहिरीचा आतला व्यास फुटांत मोजा. दोराला दगड बांधून पाण्याची खोली मोजा. मग व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले २२, एवढे लिटर पाणी.

उदाहरणार्थ, व्यास १२ फूट व पाणी १० फूट असेल तर १२ × १२ × १० × २२ = ३१,६८० लिटर, म्हणजे साधारण ३२ हजार लिटर. व्यास १० फूट व पाणी ८ फूट असेल तर १७,६०० लिटर. व्यास २० फूट व पाणी १० फूट असेल तर ८८,००० लिटर. व्यास दुप्पट झाला की पाणी चौपट होते, हे यावरून ध्यानात येईल. त्यामुळे "शेजाऱ्याने एक डबा टाकला, मीही एक डबा टाकतो" हा हिशेब कामाचा नाही.

पावडर किती?

ताज्या ब्लिचिंग पावडरीत, जिला आपण टीसीएल म्हणतो, साधारण ३३ टक्के क्लोरीन असते. दोन वेगवेगळे हिशेब आहेत, त्यांत गल्लत करू नये.

पहिला, उपसल्यानंतरचा एकदाच द्यायचा मोठा डोस. दर १००० लिटरला ६० ग्रॅम. आपल्या ३२ हजार लिटरच्या विहिरीला सुमारे १ किलो ९०० ग्रॅम. हे पाणी प्यायचे नाही. रात्रभर, निदान १२ तास, ते तसेच ठेवायचे, मग उपसून काढायचे.

दुसरा, रोजच्या वापराचा लहान डोस. दर १००० लिटरला अडीच ग्रॅम. त्याच विहिरीला ८० ग्रॅम. पावसाळ्यात पाणी गढूळ असताना किंवा गावात जुलाब-वांत्यांची साथ असताना ५ ग्रॅमपर्यंत लागू शकते. नेमके किती ते तपासणी सांगेल.

वजन किराणा दुकानातल्या काट्यावर कागदी पुडी बांधून करून घ्यावे. मुठीच्या मापाने घेऊ नये. एकाची मूठ दुसऱ्याच्या दुप्पट असते.

पावडर जुनी असेल तर तिचा जोर गेलेला असतो. उघड्या पोत्यातली, ओल लागलेली, गोळे झालेली पावडर म्हणजे निव्वळ चुना. ती झाकणबंद प्लास्टिकच्या डब्यात, अंधाऱ्या, कोरड्या, थंड जागी ठेवावी. आपल्या शेतावरच्या खोलीत युरिया, डिझेल, कीटकनाशक सगळे एकाच कोपऱ्यात असते. तिथे ही पावडर मुळीच ठेवू नये. युरिया किंवा तेल तिच्यात मिसळले तर आग किंवा स्फोट होऊ शकतो.

टाकण्याची रीत

कोरडी पावडर वरून विहिरीत उधळू नये. प्लास्टिकच्या बादलीत १०० ग्रॅमपर्यंत पावडर घेऊन थोड्या पाण्यात तिची लापशी करावी, मग पाणी घालून बादली पाऊण भरावी व काठीने ढवळावी. पाच-दहा मिनिटे थांबले की चुना तळाशी बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यावी. तळचा चुना विहिरीत टाकू नये, त्याने पाण्याचा जडपणा व सामू दोन्ही वाढतात. निवळीची बादली दोराने विहिरीत सोडून पाण्यात खाली-वर करावी, म्हणजे औषध सगळीकडे मिसळते.

मोठ्या डोसाच्या वेळी अशा वीसेक बादल्या होतील. त्यांतील काही निवळी वरूनच भिंतींवर चहूकडे ओतावी. त्यासाठी माणूस आत उतरवू नये. तोंडाला फडके, डोळ्यांना चष्मा, हाताला मोजे असावेत, व वाऱ्याकडे पाठ करून काम करावे. दुसऱ्या दिवशी जे पाणी उपसाल ते मासे असलेल्या बोडीत किंवा तलावात सोडू नका, मासे मरतील. पडीत जमिनीवर पसरून सोडा.

तासाभराने तपासा

ज्या कामासाठी हा लेख लिहिला ते हेच. लहान डोस टाकल्यावर एक तास पाणी काढू नये. रात्री शेवटचे पाणी भरून झाल्यावर औषध टाकावे, हे सर्वांत सोयीचे. त्यानंतर शिल्लक क्लोरीन तपासावे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटी चाचणीचा संच असतो. पाण्यात थेंब टाकले की पिवळा रंग येतो व तो रंगपट्टीशी जुळवतात. दुसरी डीपीडी गोळीची चाचणी आहे, तिच्यात गुलाबी रंग येतो. ओटीचे रसायन हाताला लागू देऊ नये व तपासलेले पाणी विहिरीत परत ओतू नये.

तासाभरानंतर लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असले पाहिजे. काहीच रंग आला नाही तर पाण्याची भूक अजून भागलेली नाही. आणखी निम्मा डोस द्यावा, पुन्हा तासभर थांबावे, पुन्हा पाहावे. रंग फार गडद आला, म्हणजे १ मिलिग्रॅमच्या वर, तर पाणी पिण्यास घाई करू नये. उघड्या हवेत व उन्हात क्लोरीन कमी होत जाते.

"वास येतोय ना, मग झालं की!" असे पुष्कळ जण म्हणतात. वासावर जाऊ नका. क्लोरीन अमोनियाशी जोडले गेले म्हणजे क्लोरामिन नावाची संयुगे तयार होतात आणि त्यांचाच वास जास्त येतो. पोहण्याच्या तलावाचा तो ओळखीचा उग्र वास पुष्कळदा त्यांचाच असतो. विहिरीत शेणमूत किंवा युरियाचे पाणी झिरपत असेल तर वास भपकन येईल, पण जंतू लवकर मारणारे मोकळे क्लोरीन नसेल. नाकाने कळत नाही, चाचणीने कळते.

जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच महिलांना पाणी तपासणीचे शिक्षण देण्याची योजना आहे. आपल्या घरच्या सुना-लेकींनी त्यात पुढे यावे. जंतूंसाठी एक साधी बाटलीही मिळते. तिची पद्धत भारतीय संशोधकांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. बाटलीत पाणी भरून ठेवले व एक-दोन दिवसांत ते काळे पडले, तर त्यात विष्ठेची घाण मिसळलेली असण्याचा दाट संशय धरावा.

क्लोरीनने काय होत नाही

क्लोरीन जंतू मारते, एवढेच. फ्लोराइड, नायट्रेट, जडपणा यांवर त्याचा काही उपयोग नाही. पाणी उकळूनही नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. मानकाप्रमाणे नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर असू नये आणि फ्लोराइड शक्यतो १ च्या आत, फार तर १.५ पर्यंत असावे. जास्त नायट्रेटचे पाणी तान्ह्या मुलाच्या दुधात गेले तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते व बाळ निळे पडते. उसाला आपण युरिया सढळ हाताने देतो, त्यातला काही भाग पाण्याबरोबर खाली जातो, हे विसरून चालणार नाही. विहिरीच्या कडेला खताचा ढीग, उकिरडा, शोषखड्डा नको. संडासाचा खड्डा विहिरीपासून निदान ५० फूट लांब असावा. वर्षातून एकदा पाण्याची बाटली भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पोहोचवावी.

कठडा अडीच फूट उंच, भोवती तीन फुटांचा ओटा आणि त्याचा उतार बाहेरच्या बाजूला, एवढे केले तरी पावसाचे घाण पाणी आत यायचे पुष्कळ थांबते. आणि पिण्याच्या विहिरीत पोहणे बंद. पोरे रागावतील, त्यांच्यासाठी दुसरी विहीर ठरवून द्या.

उतरण्यापूर्वी

उपसण्यासाठी माणूस उतरवण्याआधी कंदील दोराने खाली सोडावा. तो विझला तर आत प्राणवायू कमी आहे, कोणी उतरू नये. पण कंदील पेटता राहिला म्हणून धोका अजिबात नाही, असेही नव्हे. काही विषारी वायूंत दिवा जळतच राहतो. डिझेल इंजिन विहिरीत उतरवून कधीही चालवू नये, त्याचा धूर माणसाला गुपचूप मारतो. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन दांडगी माणसे हवीत. आतला माणूस कोसळला तर त्याच्यामागे दुसऱ्याने उडी घेऊ नये, दोरानेच ओढावे. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे अशाच वेळी जातात.

टोळीचे पाणी

शेवटी एक गोष्ट सभासदांपुढे ठेवतो. तोडणीची माणसे आपले गाव सोडून, लेकरे काखेला घेऊन आपल्या शेतावर येतात. विहीर कोणती चांगली हे त्यांना ठाऊक नसते. आपण बोट दाखवतो ते पाणी ती पितात. पाल ठोकून राहणाऱ्या बाईचे दोन वर्षांचे मूल जुलाबाने एका दिवसात सुकून जाते, आणि दवाखाना लांब असतो. मोठा डोस आता उन्हाळ्यात उपसल्यावर द्यावा. लहान डोस पावसाळाभर चालू ठेवावा. टोळी उतरण्याच्या आदल्या दिवशी विहीर पुन्हा तपासावी व टोळी असेपर्यंत रोजचा डोस आणि रोजची तपासणी एका वहीत लिहावी : तारीख, पाण्याची खोली, पावडर किती, तासाभराने रंग कोणता. उसाच्या नोंदीची वही आपण ठेवतोच, त्यातच चार पाने याला द्यावीत.

विहिरीचे माप व पाण्याची खोली घेऊन गट कार्यालयात आलात तर पावडरीचा हिशेब आमचे कर्मचारी करून देतील. पावडरीसाठी व चाचणीसाठी आपल्या ग्रामपंचायतीकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्राकडे जावे. मृगाच्या आधी हे काम उरकावे, अशी सर्व सभासदांना विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी